बघते म्हणाली

ऐरोलीहून सुटलेली ठाणा गाडी दिघा गाव सोडून पुढे आली होती, मी दरवाज्याच्या जरा आत, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात छत्री, ती गळतेय शेजारच्या बाईच्या चपलेवर आणि ती बाई माझ्याकडे बघतेय, तेवढ्यात आईचा फोन. कानात इअरफोन होता म्हणून उचलला गेला. "अगं, कंप्युटर लावला तर नुसतं काळं आलंय. वर बारीक अक्षरात इंग्रजीत काहीतरी लिहिलंय." आई कंप्युटर 'लावते'. कुकर लावतात, रेडिओ लावतात, तसा. आणि माझ्या तोंडून काय निघालं तर, "काय केलंस तू?"

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, "मी काय करणार? रोजच्यासारखा लावला." मग गाडीचा खडखडाट, आणि मग, "बरं राहू दे, तू गर्दीत आहेस. ठेवते."

एवढंच. भांडण नाही, आवाज चढवणं नाही, अशी वाक्यं आपण घरच्यांना दिवसातून दहा वेळा बोलतो आणि विसरतो. पण ठाण्याला उतरले, जिना चढून स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर घोडबंदरच्या बसच्या रांगेत उभी राहिले, बस आली, खिडकी मिळाली, मेट्रोचे खांब एकेक करून मागे जायला लागले, तरी ते 'काय केलंस तू' काही कानातून जाईना. एक तर आईने उलट काही म्हटलं नाही. ती म्हटली असती ना, 'माझ्यावर काय ओरडतेस', तर बरं झालं असतं, हिशेब तिथल्या तिथे मिटला असता. आणि दुसरं म्हणजे मी पोटासाठी टेस्टर आहे. वीस-एक वर्षं माझं काम एकच, सॉफ्टवेअर कुठे मोडतं ते शोधायचं आणि ते मोडलं हे दुसऱ्याला अशा भाषेत सांगायचं की त्याला राग येणार नाही. टीममध्ये नवीन पोरं येतात त्यांना मी पहिल्याच आठवड्यात सांगते की बाबांनो, डेव्हलपरला 'तू काय केलंस' असं कधीच विचारायचं नाही. मी हे केलं, हे दिसायला हवं होतं, त्याऐवजी हे दिसलं, बस, तीन वाक्यं. हे सांगताना माझा चेहरा म्हणे फार समजूतदार दिसतो.

'काय केलंस' हा खरं तर आमच्या घरचा वडिलोपार्जित प्रश्न आहे. बाबांचा. फ्यूज उडाला, काय केलंत. मिक्सर अडकला, काय केलंस. नळाला पाणी नाही तरी आतून आवाज, कुणी काय केलं? वस्तू आपणहून बिघडते यावर बाबांचा विश्वासच नाही. १९९८ साली घरात पहिला कंप्युटर आला, मी तेव्हा कॉलेजला, भाऊ शाळेत. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला, बाबा पुढच्या सीटवर आणि मॉनिटर मागे माझ्या मांडीवर अशी ती टॅक्सी मला अजून आठवते, सायनपासून पुढे पायाला मुंग्या आल्या होत्या पण हलायची हिंमत नव्हती. त्याला आईने फुलाफुलांच्या पडद्याच्या कापडातून कव्हर शिवलं, झालर लावून. त्या खोलीत चपला घालून जायचं नाही. जेवून आलं की हात धुऊन माउसला हात लावायचा. आणि असा तो देवासारखा ठेवलेला कंप्युटर दोन महिन्यांत एका संध्याकाळी सुरूच होईना, काळ्या पडद्यावर एकच ओळ, नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर. बाबा दारात. "काय केलंत?" मी भावाकडे, भाऊ माझ्याकडे. दोन दिवस घरात सुतक. तिसऱ्या दिवशी हार्डवेअरवाला आला, खाली वाकला, पुढचं बटण दाबून एक फ्लॉपी बाहेर काढली, कंप्युटर चालू केला आणि दीडशे रुपये घेऊन गेला. आत राहिलेली फ्लॉपी, मशीन आधी तिच्यातच विंडोज शोधत बसलं होतं, सापडलं नाही म्हणून थांबलं. ती फ्लॉपी बाबांचीच होती, ऑफिसातली. त्यावर कुणी काही बोललं नाही आणि बाबांनीही तो विषय नंतर कधी काढला नाही.

तर हा प्रश्न असा, आणि उत्तरही ठरलेलं असतं. कंप्युटर बंद पडलेल्या माणसाचं पहिलं वाक्य नेहमी एकच, 'मी काहीच नाही केलं, आपोआप झालं.' ऑफिसात, नात्यात, बिल्डिंगमध्ये, मी आजवर एकही माणूस बघितला नाही ज्याने सुरुवात काय दिसतंय ते सांगून केली. आधी स्वतःला सोडवून घेतात. १९ जुलै २०२४, शुक्रवार होता, एका सिक्युरिटी कंपनीच्या चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स झोपली, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले तो दिवस. आमच्या मजल्यावर सकाळी एकेक स्क्रीन निळी पडत गेली आणि प्रत्येकाला वाटलं हे फक्त माझंच झालंय, माझ्यामुळे झालंय. एक नवीन पोरगा लॅपटॉप अर्धवट मिटून बसला होता, कुणाला दिसू नये म्हणून. मला म्हणाला, मॅडम मी खरंच काही डाउनलोड नाही केलं. त्या दिवशीचा इलाज पण किती साधा होता, सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाइल उडवायची, फक्त प्रत्येक मशीनपाशी कुणीतरी जाऊन बसून हाताने. दुपारपर्यंत तो पोरगा इतका खुश, सगळ्यांचंच गेलंय म्हटल्यावर.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून थेट नौपाड्यात. गोखले रोडवर पाऊस म्हणजे वरून कमी आणि छत्र्यांच्या टोकांवरून जास्त. आमची बिल्डिंग तळ अधिक तीन, रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा इतकी वर्षं चालल्यात की त्या मीटिंगांनाच आता गळती लागलीय. घरात शिरले तर भज्यांचा वास, बाबा हॉलमध्ये पेपर घेऊन, आणि कंप्युटरच्या खोलीत आईने आधीच टेबल पुढे ओढून, खाली जुनी चादर अंथरून, बॅटरी म्हणजे टॉर्च, पकड, स्क्रू-ड्रायव्हर, एक वाटी, स्क्रू ठेवायला, असं सगळं मांडून ठेवलेलं. सत्यनारायणाची तयारी असावी तसं. मी विचारलं काही नाही, ती म्हणाली काही नाही. हॉलमधून बाबा, "बघ गं, तुझ्या आईने काहीतरी केलं असणार."

तो आवाज, ती लकेर, अगदी माझी कालची.

हा टॉवर २०१३चा. तसा म्हातारा. पुण्याहून भाऊ फोनवर सांगत असतो की टाकून द्या, विंडोज १०चा सपोर्टसुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि ११ या मशीनवर चढणार नाही, त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसरही नवा लागतो. खरंय त्याचं. पण आईला त्यावर करायचं काय असतं, सोसायटीच्या पावत्या. सोसायटीचे खजिनदार कागदोपत्री बाबा, एक्सेल आईचं. मेंटेनन्स कुणी भरला, कुणाचा थकला, टँकर किती आले, सगळं तिच्या शीटमध्ये. नेटसुद्धा ती जोडत नाही, पावत्यांना कशाला हवंय नेट, म्हणते. २०२०च्या लॉकडाउनमध्ये मीच त्यात एसएसडी, म्हणजे नवीन, वेगवान डिस्क, टाकून दिली आणि विंडोज तिच्यावर चढवलं, जुनी हार्ड डिस्क फोटोबिटो ठेवायला तशीच आत राहू दिली. हे करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जाऊन एसएसडी पहिली, हार्ड डिस्क दुसरी असं लावलं होतं. हे मी लावलं होतं हे मला त्या संध्याकाळी आठवायला तासभर लागला, ते पुढे येईलच.

मी बटण दाबलं. खरं सांगायचं तर कंप्युटर सुरू होत नाही या तक्रारीला तसा काही अर्थ नसतो, म्हणजे रंगायतनमध्ये नाटक सुरू झालं नाही असं कुणी सांगितलं तर आपण विचारू ना, तिसरी घंटा झाली होती का? पहिली तरी झाली का? की गेटच बंद होतं? तसंच हे. बटण दाबल्यावर दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही, तर भानगड विजेची. भिंतीतलं सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड, एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, त्याच्या मागे एक छोटा खटका असतो तो झाडूचा धक्का लागून बंद झालेला, माझ्या मावशीकडे हे दोनदा झालंय. लॅपटॉप असेल तर चार्जर काढायचा, बॅटरी निघत असेल तर तीही काढायची, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, अंगातली उरलेली वीज निघून जाते, मग परत लावायचं, हे वेड्यासारखं वाटतं पण कितीतरी वेळा चालतं. दुसरी पायरी, पंखा फिरतोय पण स्क्रीन काळीच आणि आतून बीप बीप बीप चालू, तर बहुतेक वेळा रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, नीट बसलेली नाही, पावसाळ्यात हे फार, दमट हवेने त्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. आणि बीप नाही, मॉनिटरवर नो सिग्नल, तर आधी मॉनिटरची वायर बघा बाबांनो, मग मशीनला शिव्या द्या. तिसरं म्हणजे कंपनीचं चित्र येतं आणि त्यानंतर काळ्यावर पांढरी ओळ, तेव्हा मशीन जिवंत आहे, त्याला फक्त विंडोज कुठे ठेवलंय ते सापडत नाहीये. आणि गोल गोल फिरणारे ठिपके येऊन मग निळं झालं, तर ते सापडलंय पण आजारी आहे. तेव्हाही घाबरायचं नाही, दोन-तीनदा असं मध्येच कोसळलं की विंडोज १० आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवतं, तिथून स्टार्टअप रिपेअर, सेफ मोड, सगळं मिळतं. यातलं काहीही न बघता 'विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल' म्हणणारा माणूस प्रत्येक गल्लीत एक असतो. त्याच्यापासून निदान फोटो वाचवा.

आमच्याकडे दिवा लागला, पंखा फिरला, एक छोटी बीप झाली. ही एक बीप म्हणजे सगळं ठीक, रॅम आहे, कीबोर्ड आहे, चालू द्या. पोस्ट म्हणतात त्याला, पॉवर ऑन सेल्फ टेस्ट, मशीन रोज सकाळी स्वतःचेच हातपाय चाचपून बघतं. मग काळा पडदा आणि ती ओळ. रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस. म्हणजे रॅमचा दोष नाही हे मशीनने स्वतः एक बीप देऊन सांगितलं होतं, आणि डिस्कची भानगड आहे हे स्वच्छ इंग्रजीत लिहून दिलं होतं. यावर मी काय केलं? मी रॅम काढली. का, तर आमच्या लहानपणीचा तो हार्डवेअरवाला नंतरही जेव्हा जेव्हा यायचा तेव्हा आधी रॅम काढून खोडरबराने पुसायचा, ते हातात बसलंय. "आई, खोडरबर आहे का गं?" आईने ड्रॉवरमधून काढून दिलं, नवीन, कागदाच्या वेष्टणातलं. बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं तर आत धूळ अशी नाही, गोधडी. पंख्याच्या पात्यांवर लोकरीसारखी, प्रोसेसरच्या वर एक मेलेलं झुरळ, आणि तो वास, गरम प्लॅस्टिक आणि ओली माती मिसळल्यासारखा, कुठल्याही जुन्या कंप्युटरला येतोच. आई न सांगता बाबांचा जुना दाढीचा ब्रश घेऊन आली. मी रॅमच्या पट्ट्या घासतेय, आई ब्रशने धूळ झटकतेय, बाबा हॉलमधून "झालं का?" अर्धा तास. परत लावलं. एक बीप. तीच ओळ.

मग डिस्कच्या केबली काढून परत बसवल्या. तीच ओळ. मला आता घाम यायला लागला होता, कारण एसएसडी गेली असेल तर पावत्या गेल्या, आणि बॅकअप घेऊन देते हे मी किती वेळा म्हटलं होतं कुणास ठाऊक. आई शेजारी पाटावर बसून बघत होती. म्हणाली, "त्याला कळतच नाही का आपण कुठून उठायचं ते?" प्रश्न इतका नेमका होता की मी थांबले. तिला सांगायला लागले की या सुरू होण्याला बूट म्हणतात ते बुटाच्या पट्ट्यावरून आलंय, स्वतःच्या बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर उचलायचं, अशक्यच गोष्ट. आपल्याकडे संस्कृतात म्हणतात ना, डोंबारी कितीही कसलेला असला तरी स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही. तसं मशीन बंद असताना त्याच्या मेमरीत काहीच नसतं, आणि विंडोज चालवायला आधी काहीतरी चालू असावं लागतं. म्हणून बोर्डावरच्या एका चिपमध्ये थोडीशी अक्कल कायमची लिहून ठेवलेली, ती बायोस. ती डिस्कच्या अगदी पहिल्या घरात जाते, जुन्या पद्धतीच्या डिस्कवर ते घर ५१२ बाईटचं, शेवटी ५५ आणि एए अशी दोन बाईटची खूण आहे का बघते, आणि असली तर तिथे जे लिहिलंय त्याच्या हाती सगळं सोपवून मोकळी होते. ५१२ बाईट म्हणजे किती गं, आईने विचारलं. मी मनात हिशेब केला, युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी अक्षर तीन बाईटचं, काना-मात्रा वेगळी, म्हणजे शे-सव्वाशे अक्षरांत संपलं. "एका पोस्टकार्डाच्या पण कमी," आई म्हणाली. "आणि कुठल्या डिस्कवर आधी बघायचं, हे कोण सांगतं?"

हे कोण सांगतं.

मी मशीन परत चालू केलं आणि डिलीटचं बटण टकटक दाबत राहिले, बायोसचा तो निळा-करडा पडदा उघडला. आणि वरच, पहिल्याच ओळीत, तारीख. रविवार, १ जानेवारी २०१२. आणि खाली डिस्कच्या क्रमात जुनी हार्ड डिस्क पहिली, जिच्यावर विंडोज नाहीच.

मग डोक्यात दिवा लागला तो असा सावकाश, आमच्या जिन्यातल्या ट्यूबसारखा, दोनदा फडफडून. हे क्रम-बीम, तारीख-वेळ, बोर्डावर एक बटणाएवढा सेल असतो त्याच्या जिवावर टिकून असतं. कंप्युटर भिंतीच्या वायरला जोडलेला असला की तो सेल आरामात असतो, पण आई रात्री झोपताना सगळे खटके बंद करते, टीव्ही, कंप्युटर, पावसाळ्यात तर नक्कीच, त्यामुळे तो बिचारा रोज रात्रपाळी करत होता. सेल मरायला लागला की आधी घड्याळ मागे पडतं. आणि अगदीच मेला की मशीन सगळं विसरतं, पहिल्या दिवसाचं होतं. "आई," मी म्हटलं, "तू तारखेचं काहीतरी म्हणाली होतीस ना मध्ये?"

आई उठली. कपाटातून एक वही आणली, दोनशे पानी, ब्राउन पेपरचं कव्हर घातलेली.

आता इथे एक सांगायला हवं, आई टेलिफोनमध्ये होती. त्यातही बरीच वर्षं १९८ला. ज्यांच्या घरी लँडलाइन होता त्यांना १९८ सांगायला नको, फोन डेड झाला की शेजाऱ्यांकडे जाऊन लावायचा तो नंबर. पलीकडे जो आवाज यायचा तो माझ्या आईचा असू शकतो. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरायचं आणि दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन ती घरी यायची तेव्हा तिचा डावा कान लाल असायचा, हेडसेटने. लहानपणी मी एकदा तिच्याबरोबर गेले होते, तिचं बोलणं ऐकत बसले होते. टोन येतो का? खरखर येते का? तुमचा आवाज पलीकडे जातो का, की फक्त त्यांचा येत नाही? कधीपासून? बोलताना तिचा हात रजिस्टरवर चालूच. हजारो लोकांना तिने हे विचारलं असेल. तुम्ही काय केलंत असं तिने कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. ज्या तीन वाक्यांबद्दल मी पोरांना लेक्चर देते ती मला कुठून आली होती, हा प्रश्न मला शेहेचाळिसाव्या वर्षी, फरशीवर मांडी घालून, हाताला झुरळाचा पाय चिकटलेला असताना पडला.

वहीत रेघा मारून रकाने पाडले होते. तारीख, वेळ, तक्रार, काय केले, शेरा. टेलिफोनच्या रजिस्टरसारखेच. पहिली नोंद ११ मेची. घड्याळ दोन तास मागे. हाताने लावले. मग रोज नाही, एक-दोन दिवसाआड. एक दिवस मागे, लावले. परत एक दिवस मागे. जूनमध्ये एका पावतीवर दोन दिवस आधीची तारीख गेली, कारण तिच्या शीटमध्ये आजची तारीख आपोआप पडते, कंप्युटर जी सांगेल ती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची पावती होती ती, त्यांची लेट फी वाचली, त्यामुळे त्यांनी काही तक्रार केली नाही, पण आईला हिशेबात ते सापडलं आणि तेव्हापासून ती रोज आधी तारीख लावायची आणि मगच एक्सेल उघडायची. दोन महिने, रोज. आणि शेवटच्या रकान्यात, शेऱ्यात, निळ्या पेनाने, तिच्या त्या तिरप्या अक्षरात, 'मुलीला सांगितले. बघते म्हणाली.' पुढे खाली परत, 'मुलीला फोन. बघते म्हणाली.' असं तीनदा. तिसऱ्या वेळेला नुसतं, 'बघते.'

मला एकही आठवत नव्हतं. म्हणजे तारखेचं काहीतरी एवढंच आठवत होतं, पण तीन वेळा, नाही. मी म्हटलंही असेन की अगं तारीखच ना, लाव हाताने. ऑफिसात कुणी दोन महिन्यांच्या नोंदी असलेला बग रिपोर्ट दिला असता आणि डेव्हलपरने त्यावर तीनदा 'बघते' लिहिलं असतं तर मी तो एस्कलेट केला असता, वरपर्यंत, मेलमध्ये चार लोक कॉपी करून.

"हे शेवटचं वाच," आई म्हणाली. आवाज जरा खाली होता. कालची नोंद. चालू केला, बीप एक. काळा पडदा. एफ-वन सेटअप, एफ-टू डिफॉल्ट आणि कंटिन्यू. एफ-टू दाबले. नंतर दुसरी ओळ आली, ती तिने जशीच्या तशी उतरवून घेतली होती, रिबूटची. "त्यावर कंटिन्यू लिहिलं होतं म्हणून दाबलं गं. तू विचारलंस तेव्हा सांगणार होते, पण मग वाटलं खरंच माझ्यामुळेच..." आणि हॉलकडे बघून तिने वाक्य सोडून दिलं. मला तेव्हा जे वाटलं ते लाज होती, पण नुसती लाज नाही, थोडा राग पण होता, तिचाच, की तू का ऐकून घेतेस, टेलिफोनमध्ये इतकी वर्षं काढलेली बाई तू, मला फोनवर झाडायचंस ना. तिने दाबलं ते बरोबरच होतं. काहीही दाबलं असतं तरी मशीन सगळं आधीच विसरलेलं होतं. हे मी तिला सांगितलं, आणि सांगताना लक्षात आलं की ती माझं म्हणणं तपासून बघतेय, मी समजूत घालायला म्हणतेय की खरं.

सेल आणायला मी खाली उतरले. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला, सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड, कारच्या चावीत असतो तोच, ४० रुपये. घड्याळवाला म्हणाला, वजनकाट्यासाठी का? मी हो म्हटलं, कोण समजावणार. वर येऊन वायर काढली, हात आधी पत्र्याला लावला, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून, बोर्डावरची छोटी पट्टी नखाने बाजूला केली तर जुना सेल टुणकन उडाला आणि पलंगाखाली गेला. नवीन बसवला, अधिकची बाजू वर. बायोसमध्ये गेले, तारीख लावली, एसएसडी पहिली केली, एफ-टेन, सेव्ह. आणि तिघंही, कारण बाबाही आता दारात येऊन उभे होते, हातात पेपर तसाच, तिघंही त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिलो. ठिपके फिरायला लागले. निळी खिडकी आली.

"काय झालं होतं?" बाबांनी विचारलं.

"सेल गेला होता," आई म्हणाली.

बाबा 'हं' म्हणाले, आणि भजी गार होतायत म्हणाले, आणि गेले. आईने खुर्ची पुढे ओढली, आधी एक्सेल उघडून पावत्या आहेत ना बघितलं, खालपर्यंत सरकवून बघितलं. मी पेनड्राइव्ह काढला आणि सगळी फाइल त्याच्यावर उतरवून घेतली, आई काही बोलली नाही पण तिने ते बघितलं. मग तिने वही ओढली. तक्रार, काय केले, ते भरलं. सेल बदलला, रु. ४०. घड्याळवाल्याकडून. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं, मी वाकून बघतेय हे तिला माहीत होतं, मग तिने लिहिलं, 'मुलगी आली होती.' राहिला पहिला रकाना. समोर स्क्रीनच्या कोपऱ्यात आजची तारीख होती, बरोबर, नुकतीच मी लावलेली. आईने चष्मा वर केला, मागे वळून भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये बघितलं, आणि मग लिहिली.